ऑनलाइन कॅमेरा ड्रोन घेताय? आधी पाव किलोचा हिशोब करा

तुळशीचं लग्न जवळ आलं की माझ्या दुकानात एक ठरलेला प्रश्न सुरू होतो. समोरचा मोबाईल पुढे करतो, त्यात ड्रोनचा फोटो, खाली लाल अक्षरात कमी केलेली किंमत, आणि विचारणं एकच: "दादा, स्वस्तमा भेटी ऱ्हायना, लेऊ का?" विचारणारे बहुतेक करून लग्नाचे फोटोग्राफर, नाहीतर फोटोग्राफरच्या हाताखाली दोन-तीन सीझन काढून आता स्वतःचं सुरू करणारे. पैसा कोणाचा असतो? कोणी कापसाचे आलेले ठेवलेले असतात, कोणी घरातल्या बचत गटातून उचलणार असतो. साठ-सत्तर हजार आपल्या तालुक्यात खेळण्यावर घालवायची रक्कम नाही. म्हणून व्हिडिओत जे घाईत सांगितलं ते इथे नीट लिहून देतोय.

आधीच सांगून टाकतो, मी ड्रोन विकत नाही. त्यामुळे तुम्ही घेतला काय आणि नाही घेतला काय, माझ्या गल्ल्यात फरक पडत नाही.

नव्या माणसाचा सगळा जीव कॅमेऱ्यात अडकलेला असतो. ४के आहे का, झूम आहे का, किती लांब जातो. पण पैसे बुडतात ते जास्त करून कागदामुळे. बिल नाही, नोंदणी होत नाही, वॉरंटी आपल्या देशाची नाही. कॅमेरा साधा असेल तर काम थोडं कमी मिळेल, पण कागद नसेल तर ती वस्तू धंद्याची राहतच नाही. कागदाची सुरुवात होते वजनापासून.

पाव किलोची रेघ

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ड्रोन नियम, २०२१ आणले. त्यात ड्रोनचे वजनाप्रमाणे पाच वर्ग आहेत. आपल्या कामाचे दोनच. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, आणि २५० ग्रॅमच्या वर २ किलोपर्यंत मायक्रो. म्हणजे रेघ आहे पाव किलोवर.

रेघेच्या खाली असाल तर टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पायलट सर्टिफिकेट लागत नाही, थर्ड पार्टी विमाही सक्तीचा नाही. रेघेच्या वर गेलात की चित्र बदलतं. त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट पाहिजे, तुमच्या ड्रोनला स्वतःचा नोंदणी क्रमांक पाहिजे (याला यूआयएन म्हणतात, गाडीच्या नंबर प्लेटसारखं समजा), विमा पाहिजे, आणि पैसे घेऊन उडवत असाल तर उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट पाहिजे.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. "दोन किलोपर्यंत लायसन लागत नाही" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. अर्धं खरं आहे. २ किलोपर्यंतची सूट बिगरव्यावसायिक वापराला आहे. मामाच्या मुलाच्या लग्नात हौसेने उडवलात ती हौस. पार्टीकडून पॅकेजचे पैसे घेतलेत की तो धंदा झाला, आणि मायक्रो ड्रोनला सर्टिफिकेट आलं. ते मिळवायला वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतून ट्रेनिंग. सरकारी फी १०० रुपये आहे, पण ट्रेनिंगची फी पाच आकडी असते. सर्टिफिकेट १० वर्षं चालतं. नियम मोडला तर दंड १ लाखापर्यंत आहे.

मग पाव किलोच्या आतला घ्या, संपलं? थांबा. वजन मोजायचं ते उडताना अंगावर जे जे आहे त्या सगळ्याचं. डीजेआय कंपनीचा मिनी ३ प्रो साध्या बॅटरीवर २४९ ग्रॅमचा. त्याच ड्रोनला मोठी प्लस बॅटरी लावली की वजन २९० ग्रॅमच्या आसपास जातं. ड्रोन तोच, पण वर्ग बदलला. ऑनलाइन कॉम्बो पॅकमध्ये हीच बॅटरी "जास्त फ्लाइट टाइम" म्हणून कौतुकाने चिकटवलेली असते. पंख्यांचे गार्ड लावले, वर चमकणारा लाइट चिकटवला, तरी तेच. पार्सल आलं की शेजारच्या किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बॅटरी, कार्ड, पंख्यांसकट ठेवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि वजन कमी म्हणून कुठेही उडवता येतो असं नाही. झोनचा नियम नॅनोलाही आहे. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, चालू विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. त्याच्या आत यलो झोन, तिथे परवानगी, आणि रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. साक्री, पिंपळनेर, दहिवेलची लग्नं सोडली तर आपण धुळ्याला जातो, जळगावला जातो, नाशिकला जातो. धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आहे, जळगावला विमानतळ आहे, नाशिकला ओझर आहे. डिजिटल स्काय पोर्टलवर नकाशा फुकट बघता येतो. बुकिंग घेतानाच मंगल कार्यालयाचं ठिकाण टाकून बघायची सवय लावा.

बंदी आहे, मग दिसतात कसे?

आता सगळ्यात मोठा खड्डा. ९ फेब्रुवारी २०२२ ला डीजीएफटीने, म्हणजे परदेशी व्यापाराच्या सरकारी विभागाने, बाहेरून तयार ड्रोन आणण्यावर बंदी घातली. सुटे करून आणून इथे जोडणंही त्यात आलं. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना सूट आहे, तीही परवानगीने. नुसते पार्ट आणायला मोकळीक ठेवली, कारण इथे कारखाने उभे राहावेत हा हेतू. ही बंदी वजन बघत नाही. म्हणजे २४९ ग्रॅमचा परदेशी ड्रोन उडवायला कागद कमी लागतात, पण तो देशात आणायलाच बंदी आहे. या दोन गोष्टी लोक एकत्र करतात आणि फसतात.

तरी ऑनलाइन नवीन परदेशी ड्रोन दिसतात. यातले काही बंदीआधी आलेला जुना माल असेल, पण चार वर्षांपूर्वीचा माल आज "नुकताच आलेलं मॉडेल" कसा असेल? २०२२ नंतर बाजारात आलेलं परदेशी मॉडेल कोणी सीलबंद विकत असेल तर तो कुठल्या रस्त्याने आला हे तुम्हीच ओळखा. अशा मालाला कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही, वॉरंटी ज्या देशात विकला गेला त्या देशाची. गिंबल बिघडला की मुंबईतला कोणी खासगी रिपेअरवाला सांगेल ती किंमत. कस्टमने पकडला तर माल गेला. पोलिसांनी बिल विचारलं तर दाखवायला काही नाही. आणि पोलिस विचारतात. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्री गावावर ड्रोन फिरतात म्हणून लोक रात्र रात्र जागत होते, तेव्हापासून गावात ड्रोनचा आवाज आला की माणसं बाहेर येतात. त्या वेळी "माझ्याकडे पक्कं बिल आहे, आणि मी पोलिस स्टेशनला आधी सांगून ठेवलंय" हे म्हणता आलं पाहिजे.

विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं. "साहेब, सगळेच वापरतात." सगळे वापरतात हे खरं असेलही, पण तुमचं साठ हजारांचं नुकसान सगळे वाटून घेणार नाहीत.

बिल कसं वाचायचं ते बघा, कारण "बिल देतो" म्हणणारेही तीन प्रकारचे असतात. पक्क्या बिलावर १५ अक्षरी जीएसटी नंबर असतो, महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा असेल तर सुरुवात २७ ने. तो नंबर जीएसटीच्या वेबसाइटवर लॉगिन न करता तपासता येतो. नाव जुळतं का, नोंदणी चालू आहे का, धंदा कशाचा दाखवलाय. ड्रोनचा एचएसएन कोड ८८०६ ने सुरू होतो. बिलावर "टॉय" किंवा "कॅमेरा ॲक्सेसरीज" लिहून दुसराच कोड टाकलेला असेल तर कागदावर तुम्ही ड्रोन घेतलेलाच नाही. ड्रोनवर पूर्वी ५, १८, २८ असे वेगवेगळे दर होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ५ टक्के आहे. त्यामुळे कोणी "बिनाबिलाचा घ्या, अठरा टक्के वाचतील" म्हणत असेल तर तो जुना पाढा म्हणतोय. सिरीयल नंबर बिलावर छापून मागा. डब्यावरचा, ड्रोनच्या पोटावरचा आणि बिलावरचा नंबर एकच पाहिजे.

मुद्रा कर्जाचा विचार असेल तर हा विषय आपोआप मिटतो. बँक कोटेशन मागते, जीएसटी नंबरचं. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर कर्ज होत नाही. मला तर वाटतं, रोखीने घेणार असलात तरी स्वतःला विचारा की याच कागदावर बँकेने कर्ज दिलं असतं का.

देशी माल आहे का? आहे, पण निवड कमी आहे हे कबूल करायला पाहिजे. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्यांचा माल सैन्य आणि सर्व्हेच्या कामाचा, आपल्या वरातीचा नाही. छोटे कॅमेरा ड्रोन विकणारे भारतीय ब्रँड आहेत. त्यांच्या पिक्चरची परदेशी ड्रोनशी तुलना केली तर काही ठिकाणी मागे पडतात, किंमतही टोचते. पण बिल मिळतं आणि तक्रारीला भारतात पत्ता असतो. मायक्रो घेत असाल तर त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट आहे का हे लेखी विचारा, "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर धरू नका.

तीन हजारांत ४के

खेळण्यातल्या ड्रोनबद्दल थोडक्यात. दोन ते पाच हजारांत "४के ड्युअल कॅमेरा प्रो ड्रोन" म्हणून जे येतं ते लहान मुलांना अंगणात उडवायला ठीक आहे. ४के म्हणजे एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. लहान सेन्सरने कमी ठिपके टिपून सॉफ्टवेअरने चित्र ताणलं तरी डब्यावर ४के छापता येतं. स्पेसिफिकेशनमध्ये तीन शब्द शोधा: जीपीएस, तीन अक्षांचा गिंबल, ब्रशलेस मोटर. तिन्ही नसतील तर धंद्यासाठी पुढे वाचूच नका. जीपीएस नसलेला ड्रोन वाऱ्याबरोबर जातो आणि सिग्नल तुटला की परत येत नाही. गिंबल नसेल तर नवरीची एंट्री अशी हलेल की पाहुण्यांना गरगरेल.

आता आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी, ज्या पुण्या-मुंबईचे रिव्ह्यूवाले सांगत नाहीत. पहिली उष्णता. बऱ्याच छोट्या ड्रोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये चालवायचं तापमान जास्तीत जास्त ४० अंश लिहिलेलं असतं. आपली लग्नं एप्रिल-मेमध्ये, आणि खान्देशात तेव्हा पारा चाळिशी ओलांडून बसलेला. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, ड्रोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला, बॅटरी उडायच्या आधीच तापलेली. मग बॅटरी फुगते आणि वॉरंटीवाला म्हणतो, मर्यादेबाहेर वापरली. तो चूक म्हणत नाही. बॅटऱ्या सावलीत, जाड पिशवीत ठेवा, आणि शॉट सकाळी किंवा ऊन उतरल्यावर घेण्याचं पार्टीशी आधीच ठरवा.

दुसरी गोष्ट वारा. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. पाव किलोचे चांगले ड्रोन साधारण १० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यापर्यंत तग धरतात असं कंपनी सांगते. स्वस्तातल्याच्या पानावर हा आकडाच नसतो. आकडा नसेल तर तो कमी आहे असं समजा. फ्लाइट टाइमही तसाच. ३१ मिनिटं लिहिलेली असतील तर ती वारा नसताना, एकसारख्या वेगात, बॅटरी संपेपर्यंतची. कामाची वीस धरा.

मागवताना

पानावर वेबसाइटचं नाव मोठं आणि विक्रेत्याचं नाव बारीक असतं. तुमचा व्यवहार त्या बारीक नावाशी आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव, पत्ता, वस्तू कोणत्या देशात बनली हे सगळं दाखवणं बंधनकारक आहे. तिथे "मेड इन" चा रकाना रिकामा असेल किंवा पत्ता अर्धवट असेल तर तिथेच थांबा. रिव्ह्यू वाचताना पाच तारेवाले सोडा, दोन आणि तीन तारेवाले वाचा, त्यात कामाची माहिती असते. कधीकधी मजा येते, ड्रोनच्या पानावर कुकरचे रिव्ह्यू असतात. जुन्या पानावर नवा माल चढवलेला असतो.

इन्स्टाग्रामवरच्या पेजवरून घेणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. तिथली पद्धत अशी चालते: आधी दोन हजार बुकिंग, मग "माल निघाला, कस्टम क्लिअरन्सचे सहा हजार", मग "विम्याचे तीन हजार, परत मिळतील". तयार ड्रोन आणायला बंदी असताना कसलं क्लिअरन्स? कॅश ऑन डिलिव्हरी म्हणून निर्धास्त होऊ नका. तुम्ही डबा उघडायच्या आधी पैसे देता, आत काय निघेल ते नंतर. ओपन बॉक्स डिलिव्हरी मिळत असेल तरच महाग वस्तू मागवा, आणि साक्रीचा पिनकोड टाकून ती आपल्याकडे मिळते का ते ऑर्डरच्या आधी बघा. परत पाठवायची सोयही तशीच बघा. डिलिव्हरी होते पण पिकअप होत नाही, असं आपल्या खेड्यांत नेहमीचं आहे.

पॉलिसीमध्ये "रिटर्न" आहे की फक्त "रिप्लेसमेंट" तेही वाचा. डबा फोडताना व्हिडिओ काढा, पार्सलवरच्या लेबलपासून सिरीयल नंबरपर्यंत, मध्ये न थांबवता. पहिल्याच दिवशी मोकळ्या शेतात उडवा, सात दिवसांनी लग्नात नाही. माणसं लग्नाच्या आदल्या दिवशीपर्यंत डबा जपून ठेवतात आणि तोपर्यंत परतीची मुदत संपलेली असते.

जुना घेताना एक वेगळी भानगड आहे. डीजेआयसारखे ड्रोन विकणाऱ्याच्या अकाउंटला बांधलेले असू शकतात. त्याने समोर बसून अकाउंट सोडवलं नाही तर नंतर तुम्ही त्याच्या मागे फिराल. नोंदणी असेल तर ती तुमच्या नावावर पोर्टलवर व्हायला पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत देशात आलेल्या ड्रोनांना नोंदणीची खास सवलत दिली होती. त्यात ज्यांनी नंबर काढून ठेवला त्यांचा जुना मायक्रो ड्रोन कामाचा, बाकीच्यांचा नाही. बॅटऱ्यांचे चार्ज सायकल ॲपमध्ये दिसतात, तेही बघा.

घ्यायचाच का?

हा प्रश्न शेवटी विचारतोय, पण पैसे द्यायच्या आधी विचारा. समजा ड्रोन, तीन बॅटऱ्या, कार्ड, बॅग मिळून ९०,०००. एकदा तरी पडणार असं धरून दुरुस्तीचे १५,०००. झाले १,०५,०००. तुमच्या भागात ड्रोनवाला माणूस ड्रोनसकट दिवसाला ३,५०० घेतो असं धरा (तुमच्याकडचा दर टाका). १,०५,००० भागिले ३,५०० म्हणजे ३० लग्नं. ३० लग्नांत ड्रोन उडेपर्यंत तुमचा स्वतःचा ड्रोन भाड्यापेक्षा महागच पडतो. वर्षाला तुमची ड्रोनची लग्नं बारा असतील तर अडीच वर्षं गेली, आणि अडीच वर्षांत मॉडेल जुनं होतं. मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो, पहिला सीझन भाड्याने काढ. पार्टीला पाच हजार लाव, साडेतीन दे, दीड तुझे, आणि पडला तर ड्रोन तुझा नाही.

आता एवढं करूनही फसलात तर. पैसे ऑनलाइन गेले आणि विक्रेता गायब झाला असेल तर वाट बघू नका, लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आधी थांबवता येण्याची शक्यता असते. माल खराब किंवा वेगळा आला असेल तर आधी वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्यात निकाल द्यावा असा नियम आहे. नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर धुळ्याचा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

तिथे समोरचा वकील एक गोष्ट हमखास काढतो: "यांनी धंद्यासाठी घेतला, हे ग्राहकच नाहीत." ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेणारा ग्राहकातून वगळलेला आहे हे खरं. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेऊन स्वतः वापरणारा माणूस ग्राहक धरला जातो, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की मी स्वतः ड्रोन चालवतो, हेच माझ्या घराचं उत्पन्नाचं साधन आहे. सोबत बिल, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आणि विक्रेत्याशी झालेलं चॅट जोडा. चॅट डिलीट करू नका, मोबाईल बदलला तरी बॅकअप घ्या.